स्टिअरिंगला प्ले आला : बॉक्स आवळण्याआधी गाडीखाली डोकावा



आमच्या नावाचा लेख दिसला की त्यात खोडव्याचे पाचट, लागणीचे अंतर नाहीतर हुमणीचा बंदोबस्त असणार असे आपण गृहीत धरता. या खेपेस तसे काही नाही. गाळप हंगाम सुरू झाला की घराघरांतल्या जुन्या जीपा, जुन्या मोटारी आणि जुने ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर येतात. बांधावर भेटलेल्या कितीतरी सभासदांनी आम्हांला ऊस दाखवून झाल्यावर गाडीही दाखवली आणि तक्रार बहुधा एकच सांगितली : "साहेब, स्टिअरिंगला प्ले आलाय. बॉक्स आवळून घ्यावा म्हणतो."

आम्ही मोटार मेकॅनिक नव्हे. आमची पदविका शेतीची. परंतु शेतकी खात्याच्या जुन्या जीपमधून रानोमाळ हिंडताना याच बॉक्स आवळण्यापायी एकदा आमच्या जिवावर बेतले होते. त्यातून जे शिकलो ते सभासदांपुढे ठेवावे असे वाटले, म्हणून हा लेख.

प्ले म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ. गाडी सरळ उभी करा आणि स्टिअरिंग हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे हलवा. सुरुवातीला स्टिअरिंग फिरते, पण टायर जागचा हलत नाही. थोडे अंतर हात रिकामाच फिरतो आणि मग टायर हलू लागतो. ते रिकामे अंतर म्हणजे प्ले. जुन्या बनावटीच्या गाडीला तो थोडासा असायचाच, अगदी शून्य कधी नसतो. तो वाढला की गाडी सरळ रस्त्यावरही स्थिर राहत नाही. ड्रायव्हर सारखा स्टिअरिंग इकडे-तिकडे करीत राहतो. समोरून मालट्रक आला की अंग चोरून घेतो आणि एखादे वेळी बाजू घेण्याच्या नादात साइडपट्टीवरून खाली जातो.

आता आपल्या रोजच्या अनुभवातली एक गोष्ट घ्या. विहिरीवर मोटर चालू आहे, पण पाइपलाइनच्या शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही. अशा वेळी शहाणा शेतकरी पहिल्यांदा मोटर खोलतो काय? नाही. तो पाइपलाइनच्या कडेने चालत जातो. कुठे जमीन ओली दिसते, कुठला जोड सुटला आहे, कुठला व्हॉल्व्ह गळतो ते पाहतो. स्टिअरिंगचेही तसेच आहे. आपल्या हातातली हालचाल टायरपर्यंत पोचायची असते. ती मध्येच कुठे गळते आहे ते चालत जाऊन, म्हणजे गाडीखाली शिरून, पाहिले पाहिजे. बॉक्स म्हणजे केवळ विहिरीवरची मोटर. दोष तिच्यात असू शकतो, पण बहुधा तो पुढच्या एखाद्या जोडात असतो.

आमच्या बाबतीत काय झाले ते सांगतो. एका हंगामात आमच्या जीपचे स्टिअरिंग फारच ढिले झाले. वेळ नव्हता. तोडणीचे वेळापत्रक, गटागटांतून फोन, टोळ्यांची ओढाताण हे सगळे आपण जाणताच. तालुक्याच्या गावी एका गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, बॉक्सच्या बाजूचा नट ढिला केला, मधला स्क्रू आवळला, नट परत बसवला आणि पाच मिनिटांत गाडी हातात दिली. स्टिअरिंग अगदी घट्ट झाले! आम्हीही खूश झालो. तिसऱ्या दिवशी रात्री कॅनॉलच्या भरावावरून येत होतो. वळण घेतले. एरवी वळण संपले की स्टिअरिंग आपोआप माघारी येते, तसे ते आलेच नाही. वळलेल्या जागी अडकून बसले. ड्रायव्हरने जोर लावून ते ओढले, तेव्हा ते एकदम सुटले आणि गाडी दुसऱ्या बाजूला भिरकावली गेली. पुढचे डावे चाक भरावाच्या कडेवर जाऊन थांबले. खाली कॅनॉल भरून वाहत होता. गाडीत आम्ही दोघे आणि गटाचा एक फिल्डमन होता. तिघांपैकी बराच वेळ कुणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी जीप कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या वयस्क फिटरमामांनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, बॉक्स राहू द्या. कपडे मळले तर चालतील ना? मग खाली झोपा." त्या अर्ध्या तासात खाली झोपून आम्ही जे पाहिले तेच आता सविस्तर लिहीत आहोत.

आधी प्ले मोजा

अंदाजाने "लई प्ले आहे" म्हणून भागत नाही. सपाट जागी गाडी सरळ चाके करून उभी करावी. इंजिन बंद असावे. (पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवावे लागते, नाहीतर माप चुकीचे येते.) स्टिअरिंगच्या कडेला वरच्या बाजूस एक दोरा बांधावा. त्याच्यासमोर डॅशबोर्डवरून एखादी काडी पक्की धरावी किंवा चिकटवावी. एकाने हळूहळू डावीकडे फिरवावे, दुसऱ्याने खाली टायरकडे पाहावे. टायर हलू लागला की त्याने "थांब" म्हणावे. तिथे खूण करावी. मग उजवीकडे तसेच. दोन खुणांमधले अंतर म्हणजे आपला प्ले. ते वहीत लिहून ठेवावे. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायचे आहे.

कायद्यानेही याची मर्यादा घातलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम ९८ प्रमाणे स्टिअरिंगवरचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, सांध्यांवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत आणि बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या असल्या पाहिजेत. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंतचे अंतर. १६ इंची स्टिअरिंगच्या कडेवर ते चार इंचांहून थोडे जास्त भरते. पण ही शेवटची हद्द झाली. आमच्या मते जुन्या जीपला इंच-दीड इंचापर्यंत चालवून घ्यावे, दोन इंच झाले की खाली झोपण्याची वेळ आली. मारुती ८०० सारख्या रॅकच्या गाडीला इंचाच्या आतच असावा.

एक मिलिमीटरचा हिशेब

आता थोडे गणित सांगतो, कारण हे गणित कळले की बॉक्स आवळण्याचा मोह आपोआप जातो.

विलिजच्या परवान्यावर महिंद्रांनी बांधलेल्या सीजे-३बी सारख्या जुन्या जीपमध्ये हातातली हालचाल अशी जाते. स्टिअरिंगचा दांडा बॉक्समध्ये उतरतो. बॉक्समधून ड्रॉप आर्म खाली लोंबतो. त्याला ड्रॅग लिंक नावाचा दांडा जोडलेला असतो. तो पुढे मधोमध असलेल्या बेलक्रँकला ढकलतो. बेलक्रँक एका उभ्या पिनेवर फिरते आणि दोन बाजूंचे दोन टायरॉड ओढते-ढकलते. प्रत्येक टायरॉडचे दुसरे टोक चाकामागच्या आर्मला असते आणि तो आर्म चाक वळवतो. म्हणजे एका चाकापुरते पाहिले तरी ड्रॅग लिंकची दोन टोके, बेलक्रँकची पिन, टायरॉडची दोन टोके असे पाच सांधे झाले.

समजा, चाकामागचा आर्म सहा इंच, म्हणजे १५० मिलिमीटर लांब आहे आणि टायरॉडच्या एका टोकात फक्त १ मिलिमीटर झीज आहे. तेवढ्याने चाक एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त मोकळे राहते. ऐकायला काहीच नाही. पण या बॉक्सची रचना अशी की स्टिअरिंग साधारण १३ अंश फिरवावे तेव्हा चाक १ अंश वळते. म्हणून चाकाकडची ती बारीक झीज स्टिअरिंगवर सुमारे ५ अंश होऊन दिसते. १६ इंची स्टिअरिंगच्या कडेवर ती पाऊण इंचाला थोडी कमी भरते. आता पाचही सांध्यांत एकेक मिलिमीटर धरा. साडेतीन इंच प्ले झाला! आणि बॉक्स कोरा करकरीत असला तरी तो तेवढाच राहणार.

हे आम्हांला फिटरमामांनी इतक्या आकड्यांत सांगितले नव्हते. घरी येऊन कागदावर मांडले तेव्हा आमचे आम्हांलाच आश्चर्य वाटले. सुटा सुटा पाहिला तर एकही सांधा कुणी "खराब" म्हणणार नाही. म्हणून मेकॅनिक एकेक सांधा हलवून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणतो आणि शेवटी बॉक्सवर येऊन थांबतो.

दोन माणसांची तपासणी

आता मुख्य भाग. याला हत्यारे लागत नाहीत, दोन माणसे आणि एक बॅटरी पुरे. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. गाडीचा पुढचा भाग आदल्या दिवशी धुऊन काढावा, कारण वाळलेल्या चिखलाखाली काहीही झाकले जाते. तपासणीच्या आधी ग्रीस मारू नये. ताजे ग्रीस भरले की झिजलेला सांधा चार दिवस घट्ट वाटतो आणि आपण फसतो. आणि या तपासणीला जॅक लावू नये. चाके जमिनीवर, वजनाखाली असली म्हणजेच चाक अडून राहते आणि ढिलाई कुठे आहे ते दिसते. हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत, इंजिन बंद.

एकाने स्टिअरिंगवर बसावे आणि थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, टायरला जोर लागेपर्यंतच सावकाश हलवीत राहावे. घिसाडघाई नको. दुसऱ्याने खालून पाहावे. नुसते पाहू नये, हातही लावावा. बोटे अशी ठेवावीत की अर्धी सांध्याच्या एका भागावर आणि अर्धी दुसऱ्या भागावर येतील. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना कळते.

पहिल्यांदा ड्रॉप आर्म पाहावा. स्टिअरिंग हलल्याबरोबर ड्रॉप आर्म हलतो काय? लगेच हलत असेल तर बॉक्स निर्दोष आहे, दोष पुढे आहे. स्टिअरिंग फिरते आणि आर्म काही वेळ तसाच लोंबत राहतो, असे असेल तरच बॉक्सवर संशय घ्यावा. निम्मा निकाल इथेच लागतो. एवढे एक पाहिले तरी गॅरेजवाल्याशी बोलताना आपल्या हातात काहीतरी पुरावा असतो.

मग बॉक्सचे अंग पाहावे. स्टिअरिंग हलवताना अख्खा बॉक्सच चासीवर इकडे-तिकडे हलतो काय? बोल्ट ढिले झालेले असतात, कधी चासीला बोल्टाच्या भोकापासून तडा गेलेला असतो. रानातल्या रस्त्यांवर चाललेल्या गाड्यांत हे नेहमी सापडते. बोल्टाच्या आसपास तांबूस भुकटी किंवा घासून चकाकलेली कड दिसली की समजावे, इथे काहीतरी हलते आहे. ड्रॉप आर्म त्याच्या शाफ्टवर ढिला आहे काय तेही पाहावे. तो नट ढिला असेल तर गाडी तिथून हलवूच नये, आधी नट आवळून घ्यावा.

पुढे ड्रॅग लिंक. जुन्या जीपमध्ये तिच्या टोकात गोळा, त्याला दोन्हीकडून वाट्या, आत स्प्रिंग आणि शेवटी आट्यांचे बूच असते. ते बूच कॉटर पिनेने अडकवलेले असते. दांडा जागचा हलण्याआधी गोळा आत सरकताना दिसला तर बूच सैल आहे किंवा वाट्या झिजल्या आहेत. वाट्या चांगल्या असतील तर बूच पूर्ण आवळावे, मग अर्धा ते एक फेरा परत सोडावा आणि नवी कॉटर पिन घालावी. गच्च आवळून ठेवू नये, सांधा अडतो. आमच्या जीपमध्ये एका बुचाला कॉटर पिनच नव्हती. तिच्या जागी तार गुंडाळलेली होती. कुणी, केव्हा गुंडाळली देव जाणे.

बैलगाडीच्या कण्याला चाक निसटू नये म्हणून जी खीळ घालतात, ती हरवली तर आपण वाटेत सापडेल ते लाकूड ठोकून घरी येतो. मोटारीला ही सवय लावू नये. कॉटर पिन काढली की ती फेकून द्यायची आणि नवी घालायची. एकदा वाकवलेली पिन परत सरळ करून वापरू नये.

बेलक्रँकची पिन आणि तिच्यातले बूश किंवा बेअरिंग हा या जीपचा सर्वांत विसरलेला भाग. समोरून चिखल थेट त्यावरच उडतो. तिथे ग्रीस घालायची जागा असते आणि ती मातीने बुजलेली असते. स्टिअरिंग हलवताना बेलक्रँक नुसती फिरायला पाहिजे. ती आधी तिरपी होते आणि मग फिरते असे दिसले तर बूश गेलेले आहेत. आमच्याकडे हाच मोठा दोष निघाला. नवे बूश आणि पिन घातल्याबरोबर निम्म्याहून अधिक प्ले गेला.

शेवटी टायरॉड एंड. रबरी टोपी फाटली असेल तर आत पाणी आणि माती गेलीच म्हणून समजावे. टायरॉड स्वतःभोवती किंचित फिरला तर त्यात काही बिघाड नाही, गोळ्याच्या सांध्याला तेवढे असतेच. पण एंड वर-खाली उचलला गेला किंवा बाजूला सरकला तर तो बदलावा. काही ठिकाणी झिजलेला एंड हातोड्याने ठोकून घट्ट करून देतात. असा एंड आठवडाभर घट्ट वाटतो आणि मग एखाद्या खड्ड्यात गोळा बाहेर पडतो. गोळा बाहेर पडला की ते चाक आपल्या हातात राहत नाही, हवे तिकडे वळते. ड्रॉप आर्म किंवा टायरॉड गरम करून सरळ करणे, त्यावर वेल्डिंग करणे हेही तसेच घातक आहे. एका टायरच्या किमतीत असे कित्येक एंड येतात. इथे काटकसर नको.

हे झाल्यावर जॅक लावावा. जॅकच्या भरवशावर मात्र कुणी खाली जाऊ नये. अॅक्सलखाली लाकडी ठोकळे द्यावेत. उचललेले चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. खडखडले तर चाकाचे बेअरिंग तरी ढिले आहे किंवा किंगपिन तरी. दोन्हींतला फरक ओळखायची युक्ती सोपी आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे आणि पुन्हा हलवावे. खडखड थांबली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. नंतर तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. तिथली ढिलाई बहुधा टायरॉडची असते.

आपण उसाचा वाळलेला पोंगा पाहतो तेव्हा काय करतो? ओढून पाहतो. पोंगा सहज हातात आला आणि वास मारला तर खोडकिडा. अख्खे बेटच मुळासकट उचलून आले तर हुमणी. दुरून दोन्ही सारखेच वाळलेले दिसतात, औषध मात्र निराळे. बारा-सहा आणि तीन-नऊ हलवून पाहणे त्यातलाच प्रकार.

आता बॉक्स

सगळे सांधे पाहून झाले, ड्रॉप आर्म मागे राहतो हे खात्रीने दिसले, तर मग बॉक्स. तिथेही स्क्रूला हात लावण्याआधी तेल पाहावे. बऱ्याच बॉक्सांत तेल नसतेच. सील गळते, म्हणून कुणीतरी तेलाऐवजी घट्ट ग्रीस भरलेले असते. ग्रीस बाजूला सरकते आणि दात कोरडे राहतात. कंपनीने सांगितलेले गिअर ऑइलच घालावे आणि गळत असेल तर सील बदलावे. दुसरे म्हणजे स्टिअरिंग आपल्याकडे ओढून आणि परत दाबून पाहावे. ते दांड्याच्या दिशेने वर-खाली सरकत असेल तर वरच्या-खालच्या बेअरिंगची ढिलाई आधी काढावी लागते. ते काम पातळ पत्र्यांच्या शिमने होते, बाजूच्या स्क्रूने नव्हे.

बाजूच्या स्क्रूचे गमक असे. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून बॉक्समधला कॅम मधल्या जागीच जास्त झिजतो. कडेचे भाग, म्हणजे पूर्ण वळणाच्या वेळी लागणारे, जवळजवळ कोरे राहतात. गुऱ्हाळाच्या जुन्या चरकाच्या लाटा आठवा. ऊस नेहमी मधून घालतात, लाटा मधे झिजतात. मधला ऊस नीट दाबला जात नाही म्हणून लाटा जवळ आणल्या की कडेला धातूला धातू लागून चरक अडतो. बॉक्सचे तसेच होते. सरळ जागेवरचा प्ले घालवण्यासाठी स्क्रू आवळला की वळणात बॉक्स गच्च बसतो. त्या रात्री कॅनॉलवर आमचे हेच झाले. खालचे सगळे सांधे ढिले, त्यांचा प्ले एकट्या बॉक्सकडून काढायचा म्हणून स्क्रू मर्यादेबाहेर आवळलेला.

म्हणून स्क्रू आवळायचाच असेल तर पुढची चाके उचलून, स्टिअरिंग बरोबर मध्यावर ठेवून, लॉकनट ढिला करून एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा एवढाच आवळावा. दर वेळी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. मध्यावर किंचित जड लागलेले चालेल. कुठेही अडकले तर मागे फिरावे. तरीही मधला प्ले जात नसेल तर कॅम संपला आहे. तिथे बॉक्स उघडून भाग बदलणे किंवा दुसरा बॉक्स घालणे हाच इलाज. फिटरमामांनी आमचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणला, खालची दुरुस्ती केली आणि मग दोऱ्याने मोजले तर प्ले सव्वा इंच भरला.

ज्यांच्याकडे लहान मोटारी आहेत त्यांना ड्रॅग लिंक, बेलक्रँक काही नाही. तिथे रॅक असतो. सांधे कमी, पण टायरॉडचे आतले व बाहेरचे टोक, रॅकचा बूश, रॅक धरून ठेवणारे रबर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट आणि खालच्या आर्मचा बॉल जॉइंट एवढे पाहावेच लागतात. खड्ड्यात "खट्" असा आवाज हाताला जाणवला तर यांपैकीच एखादा गेला आहे. रॅकलाही आवळायचा स्क्रू असतो आणि त्याचाही मोह तितकाच वाईट.

प्ले नाही, तरी गाडी हिंडते

कधी दोऱ्याने मोजलेला प्ले ठीक असतो, तरी गाडी रस्त्यावर सरळ राहत नाही. अशा वेळी स्टिअरिंगला दोष देऊ नये. पुढच्या टायरांतली हवा दोन्हीकडे सारखी आहे काय पाहावे. पाट्यांचे यू-बोल्ट आणि शॅकलचे बूश पाहावेत. ते ढिले असले की अख्खा अॅक्सलच सरकतो आणि स्टिअरिंग बिचारे काय करणार? ठरावीक वेगाला स्टिअरिंग थडथडत असेल तर चाकाचे बॅलन्सिंग, वाकलेली रिम, फुगलेला टायर यांकडे पाहावे. अर्थात सांधे ढिले असले की ही थडथड वाढते.

ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. नांगरटीच्या वेगात प्ले जाणवत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही, आणि मग तोच ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या घेऊन डांबरी रस्त्यावर येतो. वर सांगितलेली दोन माणसांची तपासणी ट्रॅक्टरला जशीच्या तशी लागू आहे. शिवाय पुढच्या अॅक्सलची मधली पिन आणि चाकांच्या स्पिंडलचे बूश पाहावेत. पॉवर स्टिअरिंग असेल तर सिलिंडरच्या दोन्ही टोकांचे सांधेही पाहावेत. इंजिन चालू ठेवून पाहताना गिअर न्यूट्रलमध्ये हवा आणि खालच्या माणसाचे हात दूर हवेत.

पण एक तक्रार प्लेची नसते. भरलेली ट्रॉली जोडली की ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, चाके वळतात पण ट्रॅक्टर सरळच जातो. तो भार मागे पडल्याचा परिणाम. एका अॅक्सलच्या ट्रॉलीत ऊस पुढच्या बाजूला जास्त रचला की सगळा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो आणि पुढची चाके उचलू पाहतात. स्टिअरिंगची कितीही दुरुस्ती करा, हे जाणार नाही. ऊस सारखा भरावा, पुढची वजने लावलेली असावीत आणि क्षमतेबाहेर भरू नये. चढावर तोंड उचलते आहे असे दिसले तरी गाडीवान "जाईल की" म्हणतो, हे आम्ही स्वतः पाहिलेले आहे. तोडणीच्या टोळीला भरताना सांगणे हे सभासदाच्या हातात आहे.

राहता राहिली चाकांची रेषा. टायरॉड एंड बदलताना जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजून ठेवावे आणि नवा तितक्याच फेऱ्यांत बसवावा. तरीही नंतर दोन्ही चाकांमधले अंतर पुढून आणि मागून टेपने मोजावे. जुन्या जीपला पुढचे अंतर मागच्यापेक्षा दोन-एक मिलिमीटर कमी असावे लागते. इतर गाड्यांना त्यांच्या पुस्तकात दिले असेल ते धरावे. फरक जास्त असेल तर चार-सहा महिन्यांत टायर एका कडेने खाल्ला जातो. मग पुन्हा दोरा बांधून प्ले मोजावा आणि तारीख व किलोमीटर घालून वहीत पहिल्या मापाच्या खाली लिहावा. ज्यांना पहिल्या खेपेस एकट्याने हे करायला अवघड वाटेल त्यांनी दिवाळीपूर्वी गट ऑफिसला गाडी घेऊन यावे. दोरा आम्ही आणू, खाली झोपायला एक माणूस मात्र सोबत आणावा.